अक्षरांचे मोल

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे कापसाच्या व्यापारासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथील बाजारपेठेतून एखाद्या सकाळी फेरफटका मारला, तर किती अक्षरे आणि किती चित्रे डोळ्यांसमोरून जातात, याची मोजदाद करणे कठीण. दुकानांच्या पाट्या, कृषी सेवा केंद्राबाहेर मांडलेल्या बियाण्यांच्या पिशव्या, चांदीच्या दागिन्यांच्या लहानलहान डब्या, औषधांची खोकी, शिकवणीवर्गांचे फलक, चौकातील वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि छापखान्याच्या दारात टांगलेले लग्नपत्रिकांचे नमुने, अशी ही रांग संपता संपत नाही. यांतील प्रत्येक अक्षराचे वळण कोणीतरी निवडलेले असते, प्रत्येक रंग कोणीतरी विचार करून ठरवलेला असतो. परंतु पाटी वाचून दुकानात शिरणाऱ्या माणसाच्या मनात ‘ही पाटी कोणी केली असेल?’ हा प्रश्न क्वचितच येतो. घर बांधणाऱ्या गवंड्याचे नाव गावाला ठाऊक असते, उत्तम नांगर घडवणाऱ्या सुताराचे नावही लोक आदराने घेतात. सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस ज्याचे काम उभे असते, तो अक्षरांचा कारागीर मात्र बहुधा अज्ञातच राहतो.

या कारागिराला पूर्वी गावोगाव ‘पेंटर’ म्हणत असत. रंगाचे डबे, दोनचार कुंचले, खडू आणि दोरी एवढाच त्याचा संसार. दोरीला खडू फासून ती भिंतीवर ताणून धरावयाची आणि मध्येच उचलून सोडावयाची, की भिंतीवर सरळ रेषा उमटे. त्या रेषेवर तो मोठ्या ऐटीत अक्षरे उभी करी, आणि काम संपल्यावर पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपले नाव लिही. आता कुंचल्याच्या जागी संगणक आला, भिंतीच्या जागी फ्लेक्स आले आणि या कारागिराला ‘ग्राफिक डिझायनर’ हे नवे नाव मिळाले. नाव नवे असले, तरी काम जुनेच आहे. सांगावयाची गोष्ट अक्षर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांच्या साहाय्याने पाहणाऱ्याच्या मनात नेमकी उतरवणे, हे ते काम होय.

यांपैकी काही डिझायनर मोठ्या शहरांत जाहिरातसंस्थांमध्ये किंवा वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत नोकरी करतात. पुष्कळ जण मात्र स्वतंत्रपणे धंदा करतात. विशेषतः जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना बहुधा हाच मार्ग मोकळा असतो. अशा स्वतंत्र कारागिराविषयी समाजात दोन समज रूढ आहेत. पहिला समज असा, की हे काम फार सोपे आहे. त्याला पैसे ते काय द्यावयाचे? दुसरा असा, की ज्याच्या डोक्यावर साहेब नाही, तो मनाचा राजा; वाटेल तेव्हा उठावे आणि वाटेल तेव्हा काम करावे. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. पहिल्यामुळे चांगल्या कारागिराच्या ताटातील भाकरी कमी होते, आणि दुसऱ्यामुळे या धंद्यात येऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींची दिशाभूल होते. म्हणून दोहोंचाही नीट विचार करणे आवश्यक आहे.

अक्षर आणि चित्र यांचा व्यापाराशी असलेला संबंध खामगावला नवा नाही. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला आणि त्या प्रसंगी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हे स्वतः खामगावला आले होते. वऱ्हाडातील कापूस मुंबईच्या बंदरातून विलायतेस जाई आणि विलायतेतील गिरण्यांचे कापड भारताच्या बाजारात येई. त्या कापडाच्या ठाणांवर रंगीत चित्रांची चिठ्ठी चिकटवलेली असे. कोणावर देवतेचे चित्र, कोणावर हत्तीचे, तर कोणावर वाघाचे. कापड घेणारी माणसे बहुधा निरक्षर असत. त्यांना कंपनीचे नाव वाचता येत नसे, परंतु चित्र पाहून ती नेमके आपले नेहमीचे कापड ओळखीत. ‘अमुक छाप’ हा आपल्या तोंडी असलेला शब्दप्रयोग अशाच खुणांची आठवण करून देतो. एका लहानशा चित्राने समुद्रापलीकडच्या गिरणीची ओळख खेड्यातील माणसाला करून दिली. या कलेचे सामर्थ्य एवढे मोठे आहे.

मराठी अक्षराच्या इतिहासात तर स्वतंत्र कारागिराचे एक तेजस्वी उदाहरणच आहे. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले. ओतून काढलेल्या धातूच्या टाइपाच्या कडा गुळगुळीत करणे, हे ते काम. ते कंटाळवाणे खरे, पण त्यामुळे अक्षराचे प्रत्येक वळण त्यांच्या बोटांना ठाऊक झाले. पुढे १८६४ साली त्यांनी टाइप तयार करण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराच्या साहाय्याने त्यांनी घडवलेले देवनागरी टाइप आपल्या सुबकपणामुळे सर्वत्र नावाजले गेले. दुसऱ्याच्या छापखान्यात टाइप घासणारा मुलगा पुढे इतर छापखान्यांना टाइप पुरवू लागला.

विसाव्या शतकात असेच नाव दीनानाथ दलाल यांनी मिळवले. १९१६ साली गोव्यात मडगाव येथे जन्मलेल्या या चित्रकाराने मुंबईत स्वतःची चित्रशाळा उभारली. मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे, कथांवरील चित्रे आणि दिनदर्शिकांवरील चित्रे यांमुळे दलालांचा कुंचला घरोघरी पोहोचला. केवळ इतरांनी सांगितलेली कामे करून ते थांबले नाहीत. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला आणि आपल्या कलेसाठी स्वतःच एक दालन निर्माण केले. १९७१ साली त्यांचे निधन झाले, तरी जुन्या पुस्तकांच्या कपाटांत त्यांची चित्रे अजूनही जिवंत आहेत. चौधरी आणि दलाल यांच्या काळांत आणि साधनांत पुष्कळ अंतर आहे. तथापि दोघांनीही आधी आपले कसब पक्के केले आणि मगच स्वतंत्रपणे उभे राहण्याचे धाडस केले, हे साम्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता ‘हे काम सोपे आहे’ या समजाकडे वळू. २०१० साली भारत सरकारने रुपयासाठी एक चिन्ह स्वीकारले. त्यासाठी खुली स्पर्धा घेण्यात आली होती आणि तीत उदयकुमार या डिझायनरचे चिन्ह निवडले गेले. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ या दोन अक्षरांचा त्यात सुंदर मेळ आहे आणि वरच्या बाजूला दोन आडव्या रेषा आहेत. हे चिन्ह इतके सोपे आहे, की पहिलीतील मूलही ते पाटीवर काढू शकते. म्हणून ते सुचणेही तितकेच सोपे होते, असे कोणी म्हणेल काय? देशातील कोणत्याही भाषेच्या माणसाला ओळखता यावे, घाईत लिहिता यावे, नाण्यावर लहान आणि पाटीवर मोठे तितकेच स्पष्ट दिसावे, एवढ्या सगळ्या अटी त्या तीनचार रेषांनी पुऱ्या केल्या आहेत. काढणाऱ्याने कष्ट घेतले, म्हणून ते वापरणाऱ्याला सोपे झाले. अक्षरांच्या कलेत जे काम सर्वांत सोपे दिसते, त्यामागे पुष्कळदा सर्वांत अधिक विचार झालेला असतो.

हीच गोष्ट जिल्ह्यातील एका साध्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. समजा, मेहकर तालुक्यातील एका गावच्या महिला बचत गटाने मिरचीपूड विकावयाचे ठरवले आणि पाकिटासाठी एका डिझायनरकडे काम दिले. “ताई, पाकिटावर छानसे चित्र टाकून द्या, झाले!” असे गटाच्या बायका म्हणतील. परंतु जाणती डिझायनर लगेच संगणकाकडे वळणार नाही. ती आधी विचारील, “मावशी, ही पूड कोठे विकणार? आठवड्याच्या बाजारात, की शहरातल्या दुकानात? घेणारी माणसे कोण? मिरची तिखट, की नुसती लाल रंगाची? पाकीट केवढे?” या प्रश्नांच्या उत्तरांवर चित्राचा आकार, अक्षरांचा जाडपणा आणि रंगांची निवड अवलंबून असते. त्याखेरीज पाकिटावर निव्वळ वजन, कमाल विक्री किंमत, तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक आणि शाकाहार दाखवणारी हिरवी खूण यांना कायद्याने जागा द्यावी लागते. एवढ्याशा पाकिटात इतके सारे नीटनेटके बसवणे म्हणजे छोट्या घरात मोठे कुटुंब गुण्यागोविंदाने नांदवण्यासारखे आहे.

मग रंगांचा प्रश्न उभा राहतो. संगणकाच्या पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या प्रकाशातून सगळे रंग तयार होतात. छापखान्यात मात्र आकाशी निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाया वापरतात. त्यामुळे पडद्यावर झगझगीत दिसणारी मिरची कागदावर मंद दिसण्याचा संभव असतो. हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे हजारो कागद वाया जातात. कागद कापताना सुरी केसभर सरकली, तर कडेला पांढरी पट्टी दिसू नये, म्हणून रंग कापण्याच्या रेषेबाहेर सुमारे तीन मिलिमीटर वाढवून ठेवावा लागतो. हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. किंबहुना ते दिसू नये, यासाठीच ही सारी दक्षता घेतलेली असते.

रस्त्याकडेच्या फलकाचे शास्त्र आणखी वेगळे आहे. साधारण ठोकताळा असा, की दहा फुटांवरून सहज वाचता यावे यासाठी अक्षर सुमारे एक इंच उंच असावे. म्हणजे शंभर फुटांवरून वाचावयाच्या फलकावर अक्षर दहा इंच उंच हवे. खामगावहून चिखलीकडे निघालेली एस. टी. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे जाते. खिडकीतल्या प्रवाशाला त्या तीन सेकंदांत काय वाचता येईल? फार तर पाचसहा शब्द. परंतु फलक करून घेणाऱ्याला त्यावर पंचवीस नावे आणि पंधरा छायाचित्रे हवी असतात. अशा वेळी “दादा, एवढे घातले तर काहीच वाचता येणार नाही,” असे नम्रपणे व ठामपणे सांगणे, हाही त्या कारागिराच्या कामाचाच भाग आहे.

शिवाय मराठी अक्षराची स्वतःची म्हणून काही पथ्ये आहेत. ‘ख’ हे अक्षर नीट जोडून काढले नाही, तर ‘खामगाव’चे ‘रवामगाव’ होते. जिल्ह्याचे नाव ‘बुलढाणा’ व ‘बुलडाणा’ अशा दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते, म्हणून कोणते रूप हवे, ते काम देणाऱ्याला आधीच विचारून घेणे बरे. लग्नपत्रिकेत तारीख आणि वार यांचा मेळ चुकला, तर पाहुण्यांची केवढी तारांबळ उडेल! संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या असंख्य लोकांच्या डोळ्यांखालून ‘मंगल’ नावाची अक्षरे गेलेली आहेत. ती र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवली. प्रत्येक जोडाक्षराची, प्रत्येक काना-मात्रेची जागा त्यांनी ठरवली, तेव्हा कोठे आज बोट टेकताच अक्षर उमटते. बोट टेकणाऱ्याला मात्र ते आपोआप झाले, असे वाटते.

असे असूनही या कारागिराला वारंवार ऐकावे लागते, “दोन मिनिटांचे तर काम! त्याचे कसले पैसे?” येथे थोडा हिशेब करून पाहावा. समजा, एका डिझायनरला घरखर्च, खोलीचे भाडे, वीज, संगणकाची दुरुस्ती हे सगळे भागवण्यासाठी महिन्याला १८,००० रुपये लागतात. महिन्यात चोवीस दिवस तो काम करतो. पण त्यांतील नऊ दिवस गिऱ्हाइकांना भेटणे, दर सांगणे, छापखान्याच्या खेपा घालणे आणि राहिलेली रक्कम मागणे यांत जातात. प्रत्यक्ष मोबदला मिळतो तो पंधरा दिवसांच्या कामाचाच. म्हणजे एका दिवसाचे १,२०० रुपये मिळाले, तर त्याचा खर्च जेमतेम निघतो. मिरचीपुडीच्या पाकिटाला दोन दिवस लागले, तर २,४०० रुपये होतात. ही रक्कम ऐकून बचत गटाला प्रथम धक्का बसेल. परंतु पहिली २,००० पाकिटे छापली, तर एका पाकिटामागे हा खर्च एक रुपया वीस पैसेच पडतो, आणि पुढची हजारो पाकिटे छापताना तो पुन्हा करावा लागत नाही. मिरची एकदाच विकली जाते. पाकिटामागचा विचार मात्र वर्षानुवर्षे काम करीत राहतो.

कोणी म्हणेल, गरीब गिऱ्हाइकाने काय करावे? प्रश्न रास्त आहे. त्याने आपली अडचण आधीच मोकळेपणाने सांगावी. मग चार रंगांऐवजी एका रंगात छापता येते, चित्राऐवजी केवळ सुंदर अक्षरांवर भागवता येते आणि खर्च खाली येतो. काम करून घेतल्यानंतर पैसे टाळणे मात्र न्यायाचे नाही. गावातील वाचनालयासाठी किंवा पूरग्रस्तांच्या मदतीसाठी एखादा डिझायनर आपण होऊन फुकट काम करील, तर ती त्याची उदारता होय. दान हे देणाऱ्याच्या इच्छेने होत असते. घेणाऱ्याने ते गृहीत धरले, की त्याला दान म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. आता संगणकाला शब्दांत सांगितले, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर तो क्षणात चित्र तयार करून देतो. मग या कारागिराची गरज काय उरली? या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही. पुष्कळशी साधी कामे यंत्राकडे जातील, यात शंका नाही. फ्लेक्स आले, तेव्हा अनेक पेंटरांच्या हातचे काम असेच गेले. यंत्र आज चुका करते म्हणून निश्चिंत राहणेही शहाणपणाचे नाही, कारण उद्या त्या चुका कमी होतील. परंतु बचत गटाच्या ओट्यावर बसून पूड कोणासाठी आहे, हे विचारणारे, फलकावरची पंचवीस नावे कमी करण्यास सांगणारे आणि पाकिटावरचा मजकूर चुकला तर ‘ही चूक माझी’ असे म्हणून ती सुधारून देणारे माणूस हवेच असते. जो केवळ बटणे दाबण्याचे काम शिकला, त्याला यंत्राची भीती आहे. ज्याने विचार करावयाचे आणि जबाबदारी घ्यावयाची सवय लावून घेतली, त्याच्या हाती यंत्र हे कुंचल्यासारखेच आणखी एक साधन ठरेल.

आता दुसरा समज पाहू. स्वतंत्र धंदा म्हणजे मनाचे राज्य, असे ज्यांना वाटते, त्यांनी अशा कारागिराचे वर्ष जवळून पाहावे. पेरणीपूर्वी बियाण्यांच्या जाहिराती, जूनमध्ये शाळांची पत्रके, भाद्रपदात गणेशोत्सवाच्या कमानी, तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिका आणि १२ जानेवारीला सिंदखेड राजा येथे जिजाऊंचा जन्मोत्सव असतो म्हणून त्याआधी स्वागताचे फलक, अशी कामाची गर्दी उसळते. त्या दिवसांत रात्री जागवाव्या लागतात. उलट पितृपक्षात नव्या दुकानांची उद्घाटने थांबतात आणि हाताला काम उरत नाही. नोकरदाराला दरमहा ठरलेला पगार मिळतो. स्वतंत्र कारागिराला भरल्या महिन्यातूनच रिकाम्या महिन्याची सोय करावी लागते. बुलढाणा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. चांगल्या वर्षाचे धान्य कणगीत राखून ठेवणे, हे शहाणपण त्याच्या घरी पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहे.

साहेब नसल्यामुळे वेळेवर उठवणारा, चूक दाखवणारा आणि शाबासकी देणारा असे कोणीच जवळ नसते. ही तिन्ही कामे कारागिराला स्वतःच करावी लागतात. काम काय, किती दिवसांत, किती रुपयांत आणि दुरुस्त्या किती वेळा, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. थोडी आगाऊ रक्कम घ्यावी. जमाखर्चाची वही रोज लिहावी. आणि ‘शुक्रवारी देतो’ असे म्हटले, तर शुक्रवारीच द्यावे. ‘दोन मिनिटांचे काम’ म्हणणारे गिऱ्हाईक जसे चुकते, तसाच ‘आज देतो, उद्या देतो’ म्हणून दारी खेटे घालावयास लावणारा कारागीरही चुकतो. मोल मागण्याचा अधिकार वेळ पाळण्याच्या कर्तव्याशी बांधलेला आहे.

त्याचप्रमाणे दुसऱ्याचे चित्र उचलून आपले म्हणून विकणे, हे पाप या धंद्यात सहज घडू शकते. संगणकावर हजारो चित्रे क्षणात सापडतात आणि ती घेताना कोणी हात धरीत नाही. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रकाराच्या निर्मितीला संरक्षण दिलेले आहे. सामान्यतः हे संरक्षण त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकते. आपल्या श्रमाचे मोल मागणाऱ्याने दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बुडवावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.

सर्वांत मोठी कसोटी मात्र सत्याची असते. समजा, एका बियाण्याच्या पत्रकाचे काम आले आणि विक्रेता म्हणाला, “कपाशीच्या झाडाला बोंडे अशी लगडलेली दाखव, की शेतकरी पाहतच राहिला पाहिजे!” संगणकावर दहा बोंडांची शंभर बोंडे करणे मुळीच अवघड नाही. पण ते पत्रक हाती घेणारा शेतकरी कदाचित कर्ज काढून बियाणे विकत घेणार असतो. त्याचा एक हंगाम वाया गेला, तर मुलांची शाळा, बहिणीचे लग्न, घराचे छप्पर हे सारे पुढे ढकलले जाते. नोकरीत असलेला माणूस ‘साहेबांनी सांगितले’ म्हणून जबाबदारी झटकू पाहील. तेही योग्य नव्हेच. स्वतंत्र कारागिराला तर ती पळवाटही मोकळी नाही. अशा वेळी “हे चित्र मी करणार नाही, खरी बोंडे दाखवा, ती मी सुंदर करून देतो,” असे म्हणण्याची मुभा त्याला आहे. त्यात एक गिऱ्हाईक गमावण्याची भीती आहे, रिकाम्या महिन्याची चिंता आहे. तरीही नाही म्हणण्याची ही मुभा, हेच स्वतंत्र धंद्याचे खरे भूषण होय. ‘स्वतंत्र’ या शब्दात ‘तंत्र’ आहे. दुसऱ्याच्या तंत्राने चालावयाचे नसेल, तर स्वतःचे तंत्र स्वतःच पाळावे लागते.

आज शाळेत बसलेल्या मुलामुलींपैकी कोणाचे अक्षर वळणदार असेल, कोणी वहीच्या समासात चित्रे काढीत असेल, कोणी शाळेच्या भित्तिपत्रकाची मांडणी आवडीने करीत असेल. त्यांच्यापैकी काही जण पुढे हा धंदा पत्करतील. चांगल्या कामासाठी गाव सोडलेच पाहिजे, असा आता नियम राहिलेला नाही. लोणार किंवा जळगाव जामोद येथे राहूनही दूरच्या गिऱ्हाइकाचे काम करता येते. त्यासाठी भाषा शुद्ध हवी, हिशेब चोख हवा आणि शब्द पक्का हवा. उरलेली मुले शेती करतील, दुकान काढतील, शिक्षक किंवा डॉक्टर होतील. त्यांनाही कधी ना कधी पाटी, पत्रिका किंवा पाकीट करून घ्यावे लागेलच. त्या वेळी “दोन मिनिटांचे काम” हे शब्द त्यांच्या ओठांवर येऊ नयेत.

बाजारातून घरी परतताना एखादी पाटी दुरूनही स्वच्छ वाचता आली, तर क्षणभर थांबून तिच्याकडे पाहावे. अक्षरे कशी बसवली आहेत, मोकळी जागा कोठे सोडली आहे आणि कोणता रंग उठून दिसतो, याचे निरीक्षण करावे. पाटी जुनी, हाताने रंगवलेली असेल, तर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एखादे नाव अजूनही दिसेल. ते आवर्जून वाचावे.